सायकल शोला जायचा खर्च वसूल होतो का? स्टॉलच्या दोन्ही बाजूंना उभं राहून बघितलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे चार वर्षं वापरलेली हायब्रिड आहे, येत्या सहा महिन्यांत ड्रॉप हँडलची, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, सायकल घ्यायची आहे पण रोड (डांबरावरची) घ्यायची की ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी) हे नक्की होत नाहीये, दुसऱ्या शहरात मोठा सायकल शो भरतोय, तिकीट, प्रवास आणि एका रात्रीचा मुक्काम धरला तर बऱ्यापैकी पैसे जातात, मित्र म्हणतोय यूट्यूबवर सगळं घरबसल्या दिसतं, उगाच पैसे घालवू नकोस. आणि नऊ वर्षांच्या मुलीलाही बरोबर न्यायचं तुमच्या मनात आहे. तर जावं का?

मी बरीच वर्षं सायकल दुरुस्ती आणि फिटिंगचं, म्हणजे सायकल माणसाच्या शरीराला जुळवून द्यायचं, काम करतोय. शोला तिकीट काढून गेलोय, आणि स्टॉलच्या आतल्या बाजूला डेमो सायकलींचा मेकॅनिक म्हणून दिवस दिवस उभाही राहिलोय. त्यामुळे लोक तिथे येऊन काय करतात आणि कोण खरंच काहीतरी घेऊन परत जातो हे दोन्ही बाजूंनी बघायला मिळालंय. तुमच्यासाठी माझं उत्तर "जा" असं आहे, पण एकच दिवस जा आणि तयारी करून जा, आणि दोन गोष्टी आधी तपासून मगच तिकीट काढा. त्या दोन गोष्टी कुठल्या ते खाली सांगतो.

आधी खर्चाचं बोलू. लोक तिकिटाच्या किमतीवर अडून बसतात, पण तिकीट हा त्या दिवसाचा सगळ्यात छोटा खर्च असतो. प्रवास, मुक्काम, खाणंपिणं, सुट्टी टाकावी लागली तर ती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे गेल्यावर हातून होणारी खरेदी. हे शेवटचं कोणी हिशोबात धरत नाही आणि घरी आल्यावर पिशवीत दोन जर्सी, एक लाइट, एक बाटली आणि न लागणारं मल्टीटूल निघतं. म्हणून कागदावर सगळं मांडा, खरेदीचाही एक आकडा आधीच ठरवून लिहा, आणि ही बेरीज तुम्ही सायकलसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेच्या किती टक्के होते ते बघा. माझा स्वतःचा ठोकताळा असा की पाच टक्क्यांपर्यंत असेल तर बिनधास्त जावं, कारण चुकीच्या साइजची किंवा चुकीच्या प्रकारची सायकल घेतली तर ती विकताना याच्या कितीतरी पट नुकसान होतं. दहा टक्क्यांच्या वर जात असेल तर तेच पैसे चांगल्या फिटिंगला आणि चांगल्या टायरना लावा, जास्त फरक पडेल. मधल्या पट्ट्यात असाल तर मग शो कुठल्या प्रकारचा आहे यावर सगळं आलं.

कारण सगळे शो एका मापाचे नसतात. काही मुळात व्यापाऱ्यांसाठीच असतात. अमेरिकेतला इंटरबाइक तसा होता, दुकानदार आणि कंपन्या यांच्यातला, तो २०१८ साली शेवटचा भरला. युरोबाइक १९९१ मध्ये जर्मनीत फ्रीडरिक्सहाफेनला सुरू झाला आणि २०२२ पासून फ्रँकफर्टला गेला, त्यात व्यापाराचे दिवस आणि आम लोकांसाठीचे दिवस वेगळे ठेवायची पद्धत आहे. तुम्ही व्यापाराच्या दिवशी गेलात तर स्टॉलवरचा माणूस तुमच्याशी नीट बोलणारच नाही, त्याचं डोकं ऑर्डरमध्ये असतं, त्याला दोष देऊन उपयोग नाही. याच्या उलट कॅलिफोर्नियातला सी ऑटर क्लासिक, तोही १९९१ पासूनचा, पण तो लागुना सेकाच्या मोटार रेसट्रॅकच्या परिसरात उघड्यावर भरतो, रेस आणि स्टॉल एकाच ठिकाणी, आणि सायकल घेऊन खऱ्या चढउतारावर जाता येतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे हाताने फ्रेम बनवणाऱ्यांचे शो, ब्रिस्टलमध्ये २०११ ला सुरू झालेला बिस्पोक्ड हा त्यातला. तिथे ज्याने फ्रेम वेल्ड केली तोच माणूस समोर उभा असतो.

आता तुम्ही तपासायची पहिली गोष्ट. तुमच्या शोमध्ये चालवून बघायची सोय आहे का, आणि असेल तर ती कसली. हॉलच्या आत ताडपत्री अंथरून केलेली दोन-तीनशे मीटरची गोल चक्कर आणि बाहेर रस्त्यावर किंवा कच्च्या वाटेवर नेता येणारी डेमो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आतल्या चक्करमध्ये साइज कळते, ब्रेक लीव्हर हाताला येतो का ते कळतं, गिअर कसे पडतात ते कळतं, एवढंच. ग्रॅव्हल आणि रोडमधला फरक तिथे कळत नाही कारण तिथे खडी नाही आणि वेगही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे येणाऱ्या ब्रँडची यादी. गेल्या काही वर्षांत बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी मोठ्या शोमधून अंग काढून घेतलंय, त्या स्वतःच्या डीलरसाठी स्वतःचे कार्यक्रम करतात. त्यामुळे तुमच्या डोक्यात ज्या तीन-चार सायकली आहेत त्यांचे ब्रँड यादीत नसतील तर पोस्टरवर शो कितीही भव्य दिसो, तुमच्या कामाचा नाही. आणि ब्रँड असला तरी तुमची साइज डेमोला असेलच असं नाही, शक्यतो सगळे मधल्या साइज आणतात. ईमेल करून विचारा. "अमुक मॉडेल, अमुक साइज, डेमोला आहे का आणि वेळ आधी बुक करता येते का," दोन ओळींचा मेल पुरतो. मी स्टॉलवर असताना असे मेल करून आलेल्या लोकांची सायकल आम्ही बाजूला काढून ठेवायचो.

या दोन्हीची उत्तरं "हो" आली तर तुमचा मित्र चूक आहे, आणि का चूक आहे ते सांगतो.

नवीन मॉडेल काय आलंय, वजन किती, गिअर कुठले, रंग कसा, हे सगळं व्हिडिओवर दिसतं, यात तो बरोबर आहे, त्यासाठी मैलोनमैल जायची गरज नाही. पण व्हिडिओ बनवणाऱ्याचं शरीर तुमचं नाही. एका शोमध्ये मी डेमो स्टॉलवर होतो, एक बाई आल्या, उंचीने कमी, त्यांनी घरी बसून भरपूर अभ्यास केला होता आणि एक मॉडेल जवळपास पक्कं करूनच आल्या होत्या, स्मॉल साइज. मी सीट लावून दिली, त्या चक्करला गेल्या आणि पहिल्याच वळणावर थांबल्या. हळू वेगात हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या टायरला लागत होतं. याला आम्ही टो ओव्हरलॅप म्हणतो, छोट्या फ्रेमला मोठं ७०० सी चाक लावलं की हे बऱ्याच वेळा होतं. काही लोकांना त्याची सवय होते, वेगात हँडल एवढं वळतच नाही, पण त्यांचं रोजचं चालवणं गर्दीत, सिग्नलला थांबत-वळत, त्यांना ते चालणारच नव्हतं. त्यांनी शेजारच्या स्टॉलवर दुसऱ्या ब्रँडची स्मॉल चालवून बघितली, तिथे बूट आरामात सुटत होता. दोन्हींवर अक्षर एकच "एस". नंतर आम्ही दोन्हींचे मापांचे तक्ते शेजारी ठेवून बघितले तर नुसत्या रीचमध्येच तेरा मिलिमीटरचा फरक होता. रीच म्हणजे पॅडलचे दांडे ज्या अक्षावर फिरतात त्याच्या मध्यापासून, हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, आणि स्टॅक म्हणजे तेच उभं अंतर. साइजचं अक्षर सोडून द्या, हे दोन आकडे लक्षात ठेवा. त्या बाईंचा त्या दिवसाचा सगळा खर्च त्या एका वळणावर वसूल झाला असं मला आजही वाटतं.

म्हणजे शोमध्ये खरी कमाई तुलनेची असते. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, तुमचे तेच पाय आणि तीच कंबर घेऊन चार सायकली लागोपाठ चालवणं दुकानात जमत नाही, कारण दुकानात एक किंवा दोन ब्रँड असतात आणि आज एक बघितली आणि पंधरा दिवसांनी दुसरी, तर शरीराला पहिली आठवतच नाही.

पण ही तुलना नीट केली तरच. बहुतेक लोक ती वाया घालवतात. कसं ते सांगतो.

निघायच्या आधी तुमच्या आत्ताच्या सायकलची तीन मापं घ्या: बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे फिरतात त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या वरपर्यंत, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत, आणि सीटपेक्षा हँडल किती वर किंवा खाली आहे. फोनमध्ये लिहून ठेवा. आणि बरोबर एक छोटी मेजरिंग टेप, स्वतःचं हेल्मेट, स्वतःचे बूट आणि स्वतःची पॅडल घेऊन जा. पॅडलचा आटा प्रौढांच्या जवळजवळ सगळ्या सायकलींना सारखाच असतो, नऊ-सोळांश इंचाचा, त्यामुळे तुमची पॅडल कुठल्याही डेमोला बसतात, मेकॅनिक दोन मिनिटांत लावून देतो, फक्त हात जोडून विचारा कारण त्याच्या मागे रांग असते. ओळखपत्र लागतं, डेमोला ठेवून घेतात. सीटची उंची टेपने मोजूनच लावा, अंदाजाने नाही, कारण सीट दोन सेंटिमीटर खाली राहिली तर जगातली उत्तम सायकलही जड लागते आणि लोक म्हणतात ही सायकल सुस्त आहे.

टायरमधली हवा ही याहून मोठी फसवणूक करते, आणि कोणी मुद्दाम करत नाही, सकाळी मेकॅनिक शंभर टायरमध्ये घाईने हवा भरतो आणि दुपारपर्यंत प्रत्येकाची वेगळी झालेली असते. एक सायकल दगडासारखी भरलेली आणि दुसरी मऊ, तर तुम्ही फ्रेमची तुलना करतच नाही, हवेची करताय. चढायच्या आधी सांगा की हवा बघून द्या, किती आहे ते विचारा आणि लिहून ठेवा. आणि रिम हुकलेस असेल, म्हणजे टायरची कड धरून ठेवणारी आतली कडा नसलेली, तर त्यात कमाल ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, एवढीच हवा भरायची मर्यादा मानकात आहे, आणि त्या रिमला चालणाराच टायर लागतो. रोड सायकलवर २८ मिलिमीटरचे टायर कडक भरून चालवायची ज्यांना सवय आहे, वजन जास्त आहे, त्यांनी हे स्टॉलवरच विचारलेलं बरं.

आणि सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे पहिली सायकल परत चालवणं. पहिली ग्रॅव्हल, मग रोड, मग पुन्हा तीच ग्रॅव्हल. पहिल्यांदा ज्यावर बसता ती नेहमी विचित्रच वाटते कारण शरीर अजून तुमच्या हायब्रिडच्या सवयीत असतं, तुमची हायब्रिड सरळ बसायला लावते आणि ड्रॉप हँडलवर हात एकदम लांब जातात. दुसरी सायकल लगेच बरी वाटते, आणि त्यात सायकलचा गुण किती आणि नुसतं सरावलेलं शरीर किती हे तिसऱ्या फेरीशिवाय कळत नाही. प्रत्येक फेरी किमान पंधरा मिनिटं, त्याच वाटेने. उतरल्या उतरल्या फोनवर आवाज रेकॉर्ड करा, मान कुठे दुखली, हात सुन्न झाले का, उतारावर भीती वाटली का, ब्रेक हुडवरून, म्हणजे लीव्हरच्या रबरी मुठीवर हात ठेवून, नीट लागतात का. संध्याकाळपर्यंत सगळं एकमेकांत मिसळून जातं, हे मी कितीतरी लोकांचं बघितलंय, चार सायकली चालवून येतात आणि रात्री म्हणतात निळी चांगली होती.

रोड की ग्रॅव्हल हे ठरवताना माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच गोष्ट आधी विचारतो, जाड टायर किती बसतो. फ्रेम आणि फोर्कमध्ये ४० मिलिमीटर किंवा वर बसत असेल तर त्याच सायकलवर पातळ टायर लावून रस्त्यावर व्यवस्थित जाता येतं, पण ज्या फ्रेममध्ये ३०-३२ पर्यंतच जागा आहे तिला कच्च्या रस्त्यावर न्यायचा मार्ग नंतर कधीच उघडत नाही. मडगार्ड लावायचे असतील तर मडगार्डसकट किती बसतो ते विचारा, हा आकडा माहितीपत्रकात बऱ्याचदा नसतो आणि स्टॉलवरचा माणूस टेप लावून दाखवू शकतो. तुमची हायब्रिड जर आत्ता बहुतेक डांबरावरच चालत असेल आणि तुम्हाला वेगाचीच हौस असेल तर रोडवरची पहिली दहा मिनिटं तुम्हाला सांगून टाकतील, माझ्या सांगण्याची गरज राहणार नाही.

दुसरी कमाई माणसांची. प्रत्येक स्टॉलवर दोन प्रकारचे लोक असतात, विक्रीचे आणि तांत्रिक, आणि तांत्रिक माणूस बहुतेक वेळा मागे कुठेतरी सायकल खोलून बसलेला असतो. सरळ विचारा, तांत्रिक माहिती कोण देईल आणि ते कधी भेटतील. मला एका शोमध्ये डीटी स्विस या कंपनीच्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, काम एका तंत्रज्ञाने हातात देऊन दाखवलं होतं. चाक टेबलवर आडवं ठेवलं, कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, मुठीत धरून सरळ वर ओढली आणि फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो भाग, हातात आला, एकही पाना लागला नाही. आत दोन दातेरी चकत्या, समोरासमोर दात, मागे स्प्रिंग. ३६ दाते असले की पॅडल मारल्यावर जास्तीत जास्त दहा अंश मोकळे जातात आणि मग पकड बसते, १८ दात्यांना वीस अंश, ५४ ला सातच्या आत. मग त्याने त्या चकतीवर ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवला आणि म्हणाला इतकंच, जास्त घट्ट ग्रीस भरलं की दात वेळेत पुढे येत नाहीत आणि पॅडल घसरतं. त्याच्या आधीच्या महिन्यातच माझ्याकडे असं घसरणारं एक चाक आलं होतं आणि मी स्प्रिंगला दोष देऊन बसलो होतो. घरी येऊन उघडलं तर आत ग्रीसचा नुसता लोळ होता, साफ केलं आणि चाक सुरळीत झालं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण ग्रीसचा तो पुसट हात किती पुसट, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

तुम्ही मेकॅनिक नाही, तरी विचारायचे प्रश्न आहेत. "ही कशी आहे" असं विचारलं तर "एक नंबर" हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा विचारा, बॉटम ब्रॅकेट आट्याचं आहे की दाबून बसवलेलं. आट्याचं असेल तर पुढे काढणं-घालणं सोपं आणि करकर कमी. डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्याला लटकतो तो तुकडा, यूडीएच या सामाईक प्रकारचा आहे का, हा स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणला आणि आता अनेक ब्रँड वापरतात, त्यामुळे पडझडीत वाकला तर दुसरा मिळवायला वणवण होत नाही. केबल हेडसेटमधून, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तिथून, आत जातात का, आणि जात असतील तर वरचं बेअरिंग बदलायला किती वेळ लागतो. याचं उत्तर देताना माणूस अडखळला तर समजा की त्या कामाला तुम्हाला दरवेळी केबल आणि ब्रेकच्या नळ्या सोडाव्या लागणार, मजुरी तशीच होणार. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, गोल आहे की त्यांच्या खास आकाराचा. वजनाची मर्यादा किती, ती तुम्ही अधिक सामान अशी धरून. आणि शेवटचा प्रश्न, तुम्ही राहता तिथून जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि वॉरंटीचं काम ते करतात का. काही स्टॉल अशा कंपन्यांचे असतात की शोमध्ये झगमगाट आणि नंतर पार्ट मिळायचा पत्ताच नाही.

आता शोमधल्या सवलतींबद्दल, कारण बरेच लोक मनातल्या मनात खर्च त्यातूनच वसूल करतात. बूट, हेल्मेट, शॉर्ट्स, सीट, म्हणजे जे अंगाला घालून किंवा बसून बघता येतं, ते तिथे घ्यायला हरकत नाही, उलट फायदाच, कारण पाच ब्रँडचे बूट एका ठिकाणी घालून बघायला मिळतात. शेवटच्या दिवशी दुपारनंतर माल परत न्यायचा कंटाळा असतो तेव्हा भावही खाली येतात. सीटसाठी बसण्याच्या हाडांची रुंदी मोजायचं पॅड बऱ्याच स्टॉलवर असतं, फुकट मोजून देतात, तो आकडा लिहून आणा. तेवढ्यासाठीच जात असाल तर मात्र नका जाऊ, घरी पन्हाळीदार पुठ्ठ्यावर कडक खुर्चीत बसून उठलात की दोन खळगे उमटतात, त्यांच्या मध्यातलं अंतर मोजलं की झालं.

पूर्ण सायकल किंवा चाकं मात्र शोच्या गर्दीत घेऊ नका. मी एकदा घेतली होती चाकं. "फक्त आजच्यासाठी" असा भाव होता, हब चांगला, रिम चांगली, चाक फ्रेमला अडकवणाऱ्या अॅक्सलची मापं माझ्या सायकलला जुळत होती, बारा मिलिमीटरचा थ्रू अॅक्सल पुढे शंभर मागे एकशे बेचाळीस, सगळं बघितलं आणि फ्रीहब बघायचा राहिला. घरी येऊन खोललं तर तो एक्सडीआर प्रकारचा आणि माझी कॅसेट शिमानोच्या एचजी प्रकारची, बसायचा प्रश्नच नाही. विकणाऱ्याने बदलून देतो म्हणून सांगितलं आणि मग फोन उचलणं बंद केलं, तो छोटा भाग हातात यायला दोन महिने गेले, आणि तेवढे दिवस चाकं भिंतीला टेकून होती. म्हणून मी आता सांगतो, तिथे ठरवा, मॉडेल आणि साइज पक्की करा, स्टॅक-रीच लिहून घ्या, आणि घ्या मात्र त्या माणसाकडून जो सहा महिन्यांनी गिअर बिघडल्यावर तुमच्या समोर उभा असेल. शिवाय नवीन मॉडेल जाहीर झालं की आधीच्या वर्षाचं दुकानात बऱ्याचदा स्वस्त होतं, आणि बऱ्याच वेळा दोघांत फरक रंगाचाच असतो. तेव्हा शो झाल्यावर महिना-दोन महिने थांबलात तर बिघडत नाही, तुमच्याकडे सहा महिने आहेतच.

हे सगळं तुमच्या परिस्थितीला धरून झालं. दुसरं कोणी वाचत असेल तर, सायकल दोन वर्षांत बदलायची नाही आणि नुसतं बघायला जायचंय, तर तो हौसेचा खर्च आहे असं समजून जा, हौसेला मोल नसतं, फक्त त्याला अभ्यास म्हणू नका. पण कार्गो सायकल, फोल्डिंग, रिकम्बंट (मागे रेलून चालवायची) किंवा तीनचाकी अशा वस्तू ज्यांना घ्यायच्या आहेत त्यांनी मी म्हटलेले टक्के बाजूला ठेवून जावं. या सायकली दुकानात फारशा दिसत नाहीत. पुढे पेटी असलेल्या कार्गो सायकलचं हँडल पहिल्या वीस मीटरला हातात राहत नाही, आणि पेटीत वजन टाकून चालवल्याशिवाय ती आपल्याला जमेल की नाही हे कळत नाही. शरीरामुळे साधी सायकल चालवता येत नाही अशा लोकांसाठी तर जर्मनीतल्या स्पेझीसारखे खास वेगळ्या सायकलींचे शो म्हणजे पहिल्यांदा आपल्याला चालवता येईल असं काहीतरी हाताला लागायची जागा आहे. आणि ई-सायकल बघणाऱ्यांनी सपाट चक्करवर भुलू नये, मोटर सपाटीवर सगळ्याच चांगल्या वाटतात. चढाचा रॅम्प असेल तर त्यावर मधेच थांबून पुन्हा सुरू करून बघा, आणि मोटर बंद करून ती सायकल चार पायऱ्या उचलून बघा.

वेळेचं सांगायचं तर शनिवारी दुपारी अजिबात नको. आम लोकांसाठीच्या पहिल्या दिवशी दार उघडताना पोचा, पहिले दोन तास डेमोच्या रांगा छोट्या असतात आणि सायकली ताज्या असतात, शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचे गिअर ठोकून ठोकून सैल झालेले असतात. सकाळी डेमो, दुपारी स्टॉल, संध्याकाळी परत, असं जमलं तर मुक्कामाचा खर्चही वाचेल, आणि तुमच्या बेरजेत बहुतेक तोच सगळ्यात मोठा आकडा असेल. तुमच्या सायकल क्लबकडे किंवा ओळखीच्या दुकानाकडे पास असतात का तेही विचारून ठेवा, कंपन्या वाटतात पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. न्या तिला, पण तिचा वेळ वेगळा धरा, तुमच्या चार डेमोंच्या मागे ती कंटाळेल आणि मग तुमचंही लक्ष लागणार नाही. बरोबर दुसरं मोठं माणूस असेल तर फार बरं. बऱ्याच शोमध्ये मुलांसाठी वेगळी चक्कर असते आणि लहान मुलांना तिकीटही बऱ्याच ठिकाणी नसतं. नऊ वर्षं म्हणजे ती वीस इंची आणि चोवीस इंची चाकाच्या मधोमध आहे, आणि ही निवड वयाच्या तक्त्यावरून करायची नसते, तेव्हा दोन्ही चालवून बघू द्या. "अजून दोन वर्षं पुरेल" म्हणून मोठी घेऊ नका, मोठ्या सायकलवर मूल घाबरतं आणि सायकल कोपऱ्यात पडते. सीटवर बसून तिच्या पायांचे चवडे दोन्ही बाजूंना जमिनीला लागतात का बघा, सायकल उचलायला सांगा, मुलांच्या सायकली त्यांच्या वजनाच्या मानाने फार जड असतात आणि स्टॉलवर दोन सायकली उचलल्या की फरक तिचा तिलाच कळतो. आणि मग तिचा हात ग्रिपवर ठेवून दोन बोटांनी ब्रेक दाबायला सांगा. लीव्हर लांब असेल तर बोटं टोकाला जेमतेम पोचतात आणि ब्रेक अर्धाच लागतो. बऱ्याच लीव्हरना अंतर कमी करायचा एक बारीक स्क्रू असतो, तो कुठे आहे ते तिथल्या मेकॅनिकला विचारून घ्या, म्हणजे घरच्या सायकललाही आल्यावर तोच फिरवता येईल.